राधीचे दिवस माझ्या मोबाईलमध्ये

हसायचं नाही, असं आधी कबूल करा, मग सांगते. आणि चहाचा घोट गिळून घ्या. ठसका लागला तर तोही माझ्याच नावावर जाईल. गेलं वर्षभर सगळं माझ्याच नावावर जातंय!

तशी मी काही वेडी बाई नाही हो. पिंप्राळ्यात वीस वर्षं ब्लाऊज शिवतेय. अख्ख्या कॉलनीची मापं मला तोंडपाठ. कुणाची कंबर दोन इंच वाढली हे तिच्या नवऱ्याच्या आधी मला कळतं. पण स्वतःच्या पाळीची तारीख? ती लक्षात राहील तर शपथ!

त्रेचाळिसावं लागलं आणि पाळीने ताळतंत्रच सोडलं. कधी बावीस दिवसांत दारात हजर, कधी दोन-दोन महिने पत्ता नाही. भाचीच्या लग्नात मोतिया रंगाची नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसले होते, आणि… जाऊ द्या. तेव्हापासून ती साडी कपाटात आहे आणि मी लग्नात मागच्या रांगेत.

त्यावर माझी लेक ऋतुजा म्हणाली, "मम्मी, मी तुला ॲप टाकून देते. तारीख आली की फक्त दाबायचं. पुढचं ते सांगतं." ऋतुजा बारावीला आहे, म्हणजे तिला सगळं येतं.

ॲप मराठीत होतं. म्हणजे त्यांचं म्हणणं ते मराठी होतं! दुसऱ्याच दिवशी मेसेज आला, "तुमचा कालावधी उशिरा चालत आहे." मला वाटलं, महाराष्ट्र एक्सप्रेसचं काहीतरी असेल. चार दिवसांनी आला, "आज तुमची सुपीक खिडकी उघडली आहे." मी उठून खरंच खिडकी बघितली हो! सुपीक जमीन ऐकली होती. खिडकी सुपीक कशी असते, सांगा मला?

वर रोज विचारणार, "आज तुमचा मूड कसा आहे?" मी दाबलं, चिडलेली. लगेच पुढचा प्रश्न, "कशामुळे?" आता काय लिहू, तुझ्यामुळे?

पण एक मात्र खरं. दोन वेळा त्याने सांगितलेली तारीख तंतोतंत आली. म्हटलं, भाषा गेली खड्ड्यात, हिशोब चोख आहे. आणि इथेच माझी मती फिरली.

माझ्या सासूबाई, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो, धुळ्याजवळच्या आमच्या गावी राहतात. त्यांच्या दारात एक म्हैस आहे, राधी. अक्कांचा जीव की प्राण. माझ्या मुलीचा वाढदिवस त्यांना कधी आठवत नाही, पण राधीला ताप आला होता तो वार आठवतो. आता राधीचं दुखणं असं होतं की दूध आटत चाललेलं, आणि ती माजावर कधी येते हेच कळायचं नाही. काही म्हशी ओरडत नाहीत, दंगा करत नाहीत, गुपचूप माजावर येतात आणि गुपचूप जातात. दोन वेळा तसंच झालं. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "अक्का, तारीख लिहून ठेवा. एकवीस दिवसांनी पुन्हा बघायचं." लिहिणार कोण? अक्का भिंतीवर कोळशाने रेघा मारायच्या आणि दिवाळीला स्वतःच भिंत सारवून टाकायच्या.

दिवाळी झाली आणि अक्कांचा फोन आला. मागे राधी हंबरत होती.

"मंगल, आज ओरडी राह्यनी बघ! डॉक्टर बी यीसन रेतनानी सुई दी गया. पण माले तारीख ध्यानमा राहत नही. तू तठे लिखी ठेव."

"अक्का, काळजीच सोडा," मी म्हटलं. "माझ्या मोबाईलमध्ये टाकते. तोच आठवण करेल."

आता त्या ॲपमध्ये दुसरं नाव घालायची सोय असेलही. मला कुठे माहीत! इकडे गॅसवर दूध, तिकडे म्हैस ओरडतेय, म्हशीपेक्षा अक्का जास्त ओरडताहेत. माझी स्वतःची पाळी तेव्हा दोन महिने गायबच होती, जागा रिकामी पडलेली. मी सरळ त्या दिवसावर बोट दाबलं. लाल थेंब उमटला. पुढची पाळी किती दिवसांनी? एकवीस. झालं! म्हैस मोबाईलमध्ये.

एकविसाव्या दिवशी सकाळी मोबाईल वाजला. मी अक्कांना फोन लावला, "अक्का, आज राधीवर नजर ठेवा." त्यांनी दिवसभर गोठ्यातून पाय काढला नाही. राधी शांत रवंथ करत बसलेली. पुन्हा माजावर आली नाही, म्हणजे राहिली! अक्का अशा खूश झाल्या की अख्ख्या गल्लीला सांगून आल्या, "मनी सूनना मोबाईल म्हैसना पोटमातलं वळखस!"

माझी कॉलर ताठ. म्हणजे ब्लाऊजला असते तेवढी.

जानेवारीच्या शेवटी मी दोन दिवस गावी गेले तेव्हा डॉक्टरांनी राधीला तपासलं. गाभण, पक्की. मी तिथेच गोठ्यात उभ्या उभ्या मोबाईल काढला. ॲपमध्ये एक गुलाबी बटण होतं, "मी गरोदर आहे". दाबलं! "तुमची खात्री आहे का?" डॉक्टर समोर हात धूत उभे, आणि हा मला विचारतो खात्री आहे का! हो म्हटलं. सगळा मोबाईल गुलाबी झाला, फुगे उडाले, आणि बाळंतपणाची तारीखसुद्धा आली.

मग काय, दर आठवड्याला मी अक्कांना बातमी द्यायची.

"अक्का, राधीचं बाळ आता लिंबाएवढं झालं."

"लिंबू?" अक्का भडकल्या. "म्हैसनं पोट शे ते, लोणचानी बरनी नही!"

इथपर्यंत सगळं आमच्या तिघींत होतं. मी, अक्का आणि राधी. पुढे जे झालं त्यात माझी काय चूक, ते तुम्हीच सांगा. मोबाईल माझा. त्यातली पाळी माझी. बरं, म्हैस सासूची. पण घरातल्या दुसऱ्या माणसाने त्यात डोळे घालावेच कशाला?

मोबाईल शिलाई मशीनजवळ चार्जिंगला लावलेला. मी अंघोळीला गेलेली. ऋतुजाचे पप्पा तिथे चष्मा शोधत होते. तेवढ्यात स्क्रीनवर भलीमोठी अक्षरं उमटली, "अभिनंदन आई! तुमचे बाळ आज लिंबाच्या आकाराचे आहे!"

हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की मी बाहेर आले, तर हे गृहस्थ भिंतीला टेकून उभे आणि चष्मा डोळ्यावरच.

विचारायचं ना? तोंड आहे ना देवाने दिलेलं? "मंगल, हे काय आहे?" चार शब्द! नाही. ह्यांच्या शाळेत हे हेडक्लार्क. तिथे सगळं लेखी चालतं. तोंडी काही विचारायची सवयच गेलीय.

त्या दिवसापासून ह्यांचं वागणंच बदललं. मी पाण्याची बादली उचलली की धावत यायचे. गॅसची टाकी स्वतः बदलली. लग्नाला एकवीस वर्षं झाली, टाकी कुठल्या बाजूला फिरवायची हे त्यांना त्या दिवशी कळलं! मला स्कूटीवर मेहरूणला दोरे आणायला जायचं होतं, तर किल्लीच लपवली. "रस्त्यात खड्डे आहेत," म्हणे. खड्डे काय आज पडले? संध्याकाळी केळी आणली. दुसऱ्या दिवशी डाळिंब. तिसऱ्या दिवशी चिंच!

मला काय वाटेल? तुम्हीच सांगा, तुमचा नवरा अचानक भांडी घासायला लागला तर तुम्हाला काय वाटेल? मला वाटलं, ह्या माणसाने बाहेर काहीतरी मोठं करून ठेवलंय!

"काय केलंत?" मी सरळ विचारलं.

"मी?" ते गोरेमोरे झाले. "म्हणजे… मी एकट्याने थोडंच…"

एकट्याने नाही! म्हणजे आणखी कोणीतरी आहे! दोन दिवस मी जेवताना एक शब्द बोलले नाही. ह्यांनी ऋतुजाला हळूच सांगितलं, "मम्मीला त्रास देऊ नकोस, असं होतं या दिवसांत."

रविवारी सकाळी दारात रिक्षा थांबली. उतरल्या कोण, तर शोभाताई, माझ्या मोठ्या नणंदबाई. मेहरूणला राहतात. हातात पापडांचा डबा, लोणचं आणि चेहऱ्यावर दहाव्याला आल्यासारखा भाव. आल्या त्या मला जवळ घेऊन पाठीवरून हात फिरवायला लागल्या. ह्या बाईने माझ्या लग्नात मानपान कमी पडला म्हणून आठ वर्षं अबोला धरला होता! आता पाठीवरून हात?

"होतं गं, होतं," त्या म्हणाल्या. "लोक दोन दिवस बोलतील, मग गप्प बसतील."

"कशाबद्दल बोलतील?"

त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी पंख्याकडे. मग घसा खाकरून म्हणाले, "मंगल, आपण एकदा डॉक्टरांकडे जायचं का?"

"कशाला?"

"ते…" त्यांनी माझ्या मोबाईलकडे बोट केलं. "ते तीन महिन्यांचं."

हात्तिच्या! म्हणजे राधीचं ह्यांना कळलं होतं. अक्कांनी सांगितलं असणार. पण एवढ्यासाठी रविवारी बैठक?

"डॉक्टरांनी बघितलं की," मी म्हटलं. "जानेवारीत मी गावी गेले होते ना, तेव्हा. चांगला कोपरापर्यंत हात घालून बघितलं. पक्कं आहे म्हणाले."

शोभाताईंच्या हातातून पापडांचा डबा सुटला.

"आणि… मला सांगितलं नाहीस?" ह्यांचा आवाज अगदी बारीक.

आता मला राग आला. आजवर ह्या माणसाने कधी राधीची विचारपूस केली नाही. गावी गेले की गोठ्याकडे फिरकत नाहीत. बुटाला शेण लागतं ना! आणि आता मला जाब विचारतात?

"तुम्हाला कशाला सांगायचं?" मी म्हटलं. "तुमचा काय संबंध?"

शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी वाजली.

"माझा काय संबंध?" ते शिलाई मशीनच्या स्टुलावर बसले. बसले म्हणजे पडलेच. "मग कोणाचा संबंध?"

"मुऱ्ह्याचा."

"कोण मुऱ्हा?"

"हरयाणाचा!"

आता बघा, हा माणूस गोठ्यात वाढलेला. मुऱ्हा ही म्हशीची जात आहे, हे त्याला चौथीपासून माहीत. पण त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांसमोर कोण पैलवान उभा राहिला असेल, देव जाणे.

"हरयाणाचा…" शोभाताई पुटपुटल्या आणि भिंतीला धरून खाली बसल्या.

"अक्कांनीच पसंत केला," मी जोरात. माझ्या बाजूने सासू आहे म्हटल्यावर मी कशाला घाबरू? "त्याच म्हणाल्या, गावातला नको, उंचापुरा बघा, चांगल्या खानदानाचा. डॉक्टरांनीच सगळी सोय केली."

"आईने?" शोभाताई किंचाळल्या. "माझ्या आईने?"

"मग! रंग काळाभोर, अंगाने भरलेला, आणि शिंगं अशी आत वळलेली."

ह्यांनी मान वर केली. डोळ्यांत पाणी, चष्म्यावर वाफ.

"शिंगं?" ते म्हणाले.

"मग काय, मुऱ्ह्याला शिंगं नसतात? राधीचं पारडू बघा कसं निघतं ते!"

आतल्या खोलीत ऋतुजाच्या हातातलं पुस्तक पडल्याचा आवाज आला आणि मग ती जी हसत सुटली! पुढची पाच मिनिटं कोण काय बोललं ते मला सांगता येणार नाही. शोभाताई हसता हसता पापड गोळा करत होत्या आणि गोळा केलेले पुन्हा सांडत होत्या. तिथे मला पहिल्यांदा कळलं की माझ्या घरात आठवडाभर मी पोटुशी होते, आणि ते फक्त मलाच माहीत नव्हतं!

माझा संताप असा झाला म्हणून सांगू! "मला विचारता येत नव्हतं?" मी ह्यांच्यावर तुटून पडले. "मोबाईल म्हणतो आणि तुम्ही मान डोलावता? एकवीस वर्षं संसार माझ्याशी केलात की मोबाईलशी?"

"तूच चिडलेली दिसत होतीस," ते म्हणाले. "मला वाटलं, तुला नको असेल. तू बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही, असं ठरवलं."

"आणि मी बोलले असते तर?"

"तू म्हणशील तसं," ते म्हणाले. आणि उठून मागच्या दारी गेले.

मी मागोमाग गेले, भांडण पुरं करायला. तर तिथे ऋतुजाचा पाळणा. माळ्यावर सतरा वर्षं पडलेला. ह्यांनी तो काढून, पुसून, कड्यांना तेल लावून भिंतीशी उभा केला होता. एक कडी गंजलेली, तिच्याजागी नवी बसवलेली.

मी त्या नव्या कडीला बोट लावून बघितलं. मग मी म्हटलं, "कडी उलटी बसवलीय," आणि आत आले. दुसरं काय बोलणार?

तुम्ही म्हणाल, एवढ्यावर मी ते ॲप काढून टाकलं असेल. का काढू? ॲपने काय चूक केली? त्याने बरोबरच सांगितलं होतं. वाचणाऱ्याने दुसऱ्याचं वाचलं! ऋतुजा म्हणाली, "मम्मी, निदान राधीचं त्यातून काढ." मी म्हटलं, "अजिबात नाही. तारीख दिलीय त्याने. तारखेला बघू कोण हसतं."

हो, मी पेटले होते. राधीचं बाळ आंब्याएवढं झालं, नारळाएवढं झालं, मी अक्कांना फोन करत राहिले. शोभाताईंनी मेहरूणभर सगळी कथा केली, त्यामुळे ब्लाऊज टाकायला आलेली प्रत्येक बाई विचारायची, "काय मंगलताई, आता केवढं झालं?" मी दात ओठ खाऊन सांगायची, "टरबुजाएवढं. गळा किती खोल ठेवू?"

श्रावण लागला. तारीख जवळ आली. मी शिवणकाम बंद ठेवलं, ह्यांना रजा टाकायला लावली, आणि आदल्या दिवशीच आम्ही गावी जाऊन थडकलो. गोठा झाडून घेतला, खाली पेंढा घातला, गूळ फोडून ठेवला. अक्का राधीच्या मागे वाकून बघत होत्या.

"मंगल, आजून टाइम शे. कास भरेल नही."

"अक्का, मोबाईलने आजची तारीख दिलीय. आणि मोबाईल खोटं बोलत नाही."

हे वाक्य ह्यांनी ऐकलं. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी तिकडे बघितलंच नाही.

सकाळचे दहा वाजले, अकरा वाजले. राधी आरामात रवंथ करतेय. कळा नाहीत, काही नाही. बाराला मोबाईलवर आलं, "आज तुमचा मोठा दिवस! बॅग भरली का?" माझं धाबं दणाणलं. दिवस भरलेत आणि जनावर हलत नाही! मी डॉक्टरांना फोन लावला. ते कुठल्या तरी दूरच्या वस्तीवर होते. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, असाल तसे या. अडलीय!"

बिचारे जेवणाच्या ताटावरून उठून आले. मोटरसायकल आडवी टाकून धावत गोठ्यात शिरले. गल्लीतली पंधरा माणसं त्यांच्या मागे. त्यांनी राधीला पुढून बघितलं, मागून बघितलं, पोटाला हात लावला. राधीने त्यांचा शर्ट चाटला.

"कोण म्हणालं अडलीय?"

"मी," मी म्हटलं. "तारीख उलटून जाईल ना आजची."

"कुठली तारीख?"

मी मोबाईल पुढे केला. डॉक्टरांनी चष्मा लावला. गुलाबी पडदा, फुगे, कोपऱ्यात कुंची घातलेलं बाळ. वाचत वाचत त्यांनी बोट वर सरकवलं.

"नाव मंगल," ते मोठ्याने वाचायला लागले. मी मोबाईल ओढायला गेले, पण त्यांचा हात उंच. "वय त्रेचाळीस. उंची पाच फूट एक."

गल्लीत खसखस पिकली.

"वहिनी," डॉक्टर म्हणाले, "बाईला नऊ महिने. म्हशीला दहा महिने दहा दिवस. राधीला अजून एक महिना आहे. या हिशोबाने आज दिवस भरलेत ते तुमचे."

मी कुठे बघू? अक्कांनी पदर तोंडात कोंबला होता. डॉक्टर पिशवी उचलून निघाले, आणि गोठ्याच्या दाराशी उभे असलेले ऋतुजाचे पप्पा, आयुष्यभर तोंडी काही न विचारणारा तो माणूस, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "डॉक्टर, आलाच आहात तर हिलाही तपासून जा की!"